प्रकाशाहून वेगवान जहाजं आणि परके ग्रह : वादात उतरण्याआधीची तयारी

विज्ञानकथांच्या चाहत्यांमध्ये एक प्रश्न कधीच जुना होत नाही : ‘त्या जहाजाचा वेग नेमका किती?’ विचारणाऱ्याला दहा मिनिटांत चार उत्तरं मिळतात आणि चारही एकमेकांच्या शंभर-दोनशे पट पुढेमागे असतात. त्याच्या जोडीचा दुसरा प्रश्न ग्रहांचा. तिथे माणूस शिरस्त्राण काढून श्वास घेईल का, वर्ष केवढं असेल, उडी मारली तर किती उंच जाईल?

या वादांत मी बरीच वर्षं आहे. पहिल्या वर्षी माझी एक चूक झाली आणि तिच्यामुळे मी तीन आठवडे चुकीच्या बाजूनं भांडत राहिले. ती चूक पुढे तिसऱ्या पायरीत सांगितली आहे, कारण नव्यानं येणारा जवळजवळ प्रत्येक जण तिथेच घसरतो. गणित अवघड नाही. शाळेतला भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ एवढं पुरतं. अवघड आहे ते तीन गोष्टी वेगळ्या ठेवणं : कथेत काय लिहिलंय, भौतिकशास्त्र काय सांगतं आणि आपण स्वतः काय गृहीत धरलंय. बहुतेक भांडणं या तिघांची सरमिसळ झाल्यानं होतात.

जवळ काय असावं

- मूळ कथा किंवा भाग, पुन्हा उघडून पाहता येईल असा. आठवणीवर वाद घालू नका.
- वर्गमूळ आणि घनमूळ काढणारा कॅल्क्युलेटर. मोबाइलमधला आडवा धरला की बहुधा चालतो.
- एक वही किंवा स्प्रेडशीट. रकाने चार : वाक्य, कुठे आलं, कोण म्हणालं, आकडा.
- खालचे आकडे, वहीच्या पहिल्या पानावर :
 - प्रकाशाचा वेग : सेकंदाला २,९९,७९२ किमी
 - पृथ्वी-सूर्य अंतर, म्हणजे १ खगोलीय एकक : सुमारे १४ कोटी ९६ लाख किमी, प्रकाशाला ८ मिनिटं १९ सेकंद लागतात
 - १ प्रकाशवर्ष : सुमारे ९ लाख ४६ हजार कोटी किमी, म्हणजेच सुमारे ६३,२४१ खगोलीय एकक
 - १ पारसेक : ३.२६ प्रकाशवर्षं
 - १ वर्ष : ३६५.२५ दिवस किंवा ८,७६६ तास

## १. कथेतलं वाक्य शब्दशः उतरवून घ्या

‘ते म्हणाले होते की दोन दिवसांत पोहोचतील’ हा पुरावा नव्हे. नेमकं वाक्य लिहा, ते कोणी म्हटलं ते लिहा आणि त्या पात्राला ही गोष्ट ठाऊक असण्याचं कारण आहे का, तेही लिहा. जहाजाच्या मुख्य अभियंत्यानं मोजमाप वाचून सांगितलेला आकडा आणि गिऱ्हाईक पटवणाऱ्या तस्करानं मारलेली बढाई, दोन्ही कथेत आहेत म्हणून त्यांचं वजन सारखं होत नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधलं. एक वैमानिक आपल्या जहाजाची तारीफ करताना सांगतो की त्यानं एक ठरावीक फेरी बारा पारसेकपेक्षा कमीमध्ये पूर्ण केली. पारसेक हे अंतराचं एकक आहे, वेळेचं नाही. बारा पारसेक म्हणजे ३९ प्रकाशवर्षं. ही लेखकाची चूक, पात्राची थाप, की त्यानं खरंच धोकादायक जवळची वाट पकडली होती? २०१८ च्या चित्रपटानं जवळच्या वाटेचा खुलासा उचलून धरला. मला तो खुलासा आवडतो, पण वादात मी त्याच्यापुढे ‘नंतर आलेलं स्पष्टीकरण’ असं लिहूनच ठेवते. अधिकृत मजकूर, ज्याला चाहते कॅनन म्हणतात, त्यातही थर असतात : मूळ कृती, पुढचे भाग, सोबतची तांत्रिक पुस्तिका, लेखकाची मुलाखत. तुमचा आकडा कोणत्या थरातला आहे ते सांगितलं की अर्धा वाद तिथेच शमतो.

## २. अंतर पक्कं करा

कथेत खऱ्या ताऱ्याचं नाव असेल तर काम सोपं. नेहमी लागणारी अंतरं अशी : प्रॉक्सिमा (सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा) ४.२४ प्रकाशवर्षं, व्याध ८.६, टाउ सेटी ११.९, श्रवण १६.७, अभिजित २५. आकाशगंगेचं केंद्र सुमारे २६,०००, आकाशगंगेचा व्यास साधारण १ लाख आणि देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं.

सापळा : तारकासमूह म्हणजे ठिकाण नव्हे. ‘ते बृहल्लुब्धकात गेले’ यावरून अंतर काढता येत नाही. त्या समूहातला व्याध आपल्या शेजारी आहे आणि त्याच समूहातले दुसरे ठळक तारे शेकडो प्रकाशवर्षं दूर आहेत. पृथ्वीवरून पाहताना ते एका दिशेला दिसतात, एवढंच त्यांचं नातं.

दुसरा सापळा : काल्पनिक नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणं. नकाशा सपाट, आकाशगंगा जाड. शिवाय बरेच नकाशे सजावटीसाठी काढलेले असतात आणि त्यांना प्रमाणच नसतं.

## ३. वेळ कोणाच्या घड्याळात मोजली?

इथे थांबा, कारण माझी चूक हीच होती.

एका कथेत जहाज प्रॉक्सिमाला जातं आणि प्रवाशांना ३.१८ वर्षं लागतात. मी ४.२४ ला ३.१८ नं भागलं, उत्तर १.३३ आलं आणि मी जाहीर केलं की हे जहाज प्रकाशाहून वेगवान आहे. ते तसं नव्हतं. जहाज प्रकाशाच्या ८० टक्के वेगानं जात होतं. पृथ्वीवरच्या घड्याळात ५.३ वर्षं गेली, पण त्या वेगाला जहाजातला काळ ०.६ पट मंद चालतो, म्हणून प्रवाशांच्या घड्याळात ३.१८. मी अंतर पृथ्वीचं घेतलं आणि वेळ जहाजाची. हे दोन आकडे एकमेकांशी भागायचेच नसतात.

तेव्हा नियम असा : अंतर ज्या चौकटीतलं, म्हणजे पृथ्वीच्या की जहाजाच्या मोजमापातलं, वेळही त्याच चौकटीतली. कथेत ‘घरी परतले तेव्हा भाऊ म्हातारा झाला होता’ अशी खूण असेल तर समजा की लेखक आइन्स्टाइनची सापेक्षता (वेगानुसार घड्याळं वेगळी चालतात हा सिद्धांत) पाळतोय आणि जहाज बहुधा प्रकाशाच्या आतच आहे. वॉर्प (अवकाश वाकवून जाणं), हायपरस्पेस (नेहमीच्या अवकाशाबाहेरची वाट) किंवा जंप (एका जागेवरून थेट दुसरीकडे उडी) असलेल्या बहुतेक कथांमध्ये मात्र दोन्हीकडची घड्याळं जुळलेली दाखवतात. तिथे साधा भागाकार चालतो, पण ‘घड्याळं जुळतात असं धरलं आहे’ हे वाक्य लिहूनच पुढे जा.

## ४. आता भागाकार करा

सूत्र एका ओळीचं आहे : प्रकाशवर्षांतलं अंतर गुणिले ३६५.२५, भागिले लागलेले दिवस. उत्तर येतं ते प्रकाशवेगाच्या पटीत.

समजा जहाज सूर्यमालेतून निघून दहा दिवसांत श्रवण ताऱ्यापाशी पोहोचलं. १६.७ गुणिले ३६५.२५ म्हणजे सुमारे ६,१००. भागिले १०. वेग प्रकाशाच्या ६१० पट.

कथेत नेमका आकडा नसेल, नुसतं ‘काही दिवसांनी’ असेल, तर एकच उत्तर देऊ नका. तीन ते नऊ दिवस धरा. वेग सुमारे ६८० ते २,०३० पटींच्या मध्ये कुठेतरी. असा पल्ला देणाऱ्याला नवखे लोक कच्चा समजतात, जाणते समजत नाहीत.

सूर्यमालेच्या आतला प्रवासही तपासा, तिथे फार गमती सापडतात. नेपच्यून सूर्यापासून ३० खगोलीय एकक दूर आहे आणि प्रकाशाला तिथे पोहोचायला सुमारे ४ तास १० मिनिटं लागतात. जहाज पाच मिनिटांत पोहोचलं तर वेग झाला ५० पट. पडद्यावर हा वेग विजेसारखा दिसतो. त्याच वेगानं प्रॉक्सिमाला जायला एकतीस दिवस लागतात. ताऱ्यांमधल्या पोकळीचा अंदाज यायला मला दुसरं कोणतंही उदाहरण इतकं उपयोगी पडलेलं नाही. त्याच्या शेजारी खरं यान ठेवून पाहा : १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किमी वेगानं जातंय आणि एक प्रकाशवर्ष कापायला त्याला साडेसतरा हजार वर्षं लागतील.

## ५. दोन प्रवासांचे वेग जुळले नाहीत तर

जुळणार नाहीतच, हे आधीच मनाशी धरा. दहा दिवसांत श्रवणपाशी गेलेलं तेच जहाज पुढच्या भागात आकाशगंगेच्या केंद्रातून दोन महिन्यांत परत आलं असं समजू. २६,००० प्रकाशवर्षं, वर्षाचा सहावा भाग. वेग १ लाख ५६ हजार पट. आधीच्या वेगाच्या अडीचशे पट! चाहते याला ‘कथेचा वेग’ म्हणतात : जहाज तेव्हाच पोहोचतं जेव्हा प्रसंगाला गरज असते.

पण ‘लेखकाची चूक’ असा शिक्का मारण्याआधी चार गोष्टी पडताळा.

पहिली, ते जहाज पुढे सरकतं की उडी मारतं? उडी मारणाऱ्या जहाजाला वेग नसतोच. त्याला उडीची लांबी असते आणि दोन उड्यांमधला विसावा असतो. अशा जहाजाचा ‘वेग’ काढून दुसऱ्या कथाविश्वातल्या जहाजाशी तुलना करणं फोल आहे.

दुसरी, वाटा सारख्या आहेत का? बऱ्याच कथाविश्वांत हायपरस्पेसचे नकाशात भरलेले हमरस्ते असतात आणि त्याबाहेर चाचपडत जावं लागतं. तिथे अंतरापेक्षा वाट महत्त्वाची.

तिसरी, वेळेत काय काय धरलंय? इंजिन तापवणं, ताऱ्यापासून सुरक्षित अंतरापर्यंत साध्या इंजिनानं जाणं, बंदरावर लागणं. लांबच्या प्रवासात ही वेळ नगण्य, जवळच्या प्रवासात तीच मुख्य. त्यामुळे जवळचे प्रवास नेहमी हळू दिसतात.

चौथी आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी, सर्वोच्च वेग की सरासरी वेग? ‘स्टार ट्रेक’ घ्या. जुन्या मालिकेच्या मोजपट्टीत वॉर्पच्या आकड्याचा घन केला की प्रकाशवेगाची पट मिळते; वॉर्प ९ म्हणजे ७२९ पट. पुढच्या मालिकांसाठी मोजपट्टी बदलली, तीत वॉर्प ९ सुमारे १,५१६ पट आहे आणि वॉर्प १० म्हणजे अनंत वेग. म्हणून दोन काळांतले वॉर्पचे आकडे थेट शेजारी ठेवणं ही ठरलेली चूक. आता १९९५ साली सुरू झालेली ‘व्हॉयेजर’ मालिका पाहा. जहाज घरापासून ७०,००० प्रकाशवर्षांवर फेकलं जातं आणि कप्तान सांगते की सर्वोच्च वेगानंही ७५ वर्षं लागतील. भागाकार केला तर ९३३ पट येतात. नव्या मोजपट्टीतला वॉर्प ९ अखंड टिकला असता तर ४६ वर्षांत घर आलं असतं. विसंगती? मला नाही वाटत. कोणतंही इंजिन दशकानुदशकं पूर्ण ताणावर चालत नाही. इंधन, दुरुस्ती, वळसे सगळं त्या ७५ मध्ये आलं. पण हा माझा अर्थ आहे, मालिकेतलं वाक्य नाही, आणि मी तो तसाच मांडते.

## ६. कार्यकारणभावाचा मुद्दा टाळू नका

कधीतरी कोणीतरी म्हणणारच : ‘प्रकाशाहून वेगवान प्रवास म्हणजे काळात मागे जाणं.’ नवखे हे थट्टेवारी नेतात. नेऊ नका, तो बरोबर बोलतोय. आकड्यांत करून पाहिलं की पटतं.

एक जहाज पृथ्वीवरून ८० टक्के प्रकाशवेगानं निघालं. पृथ्वीच्या घड्याळात ५ वर्षं झाली तेव्हा पृथ्वीनं त्याला ‘तत्क्षणी’ पोहोचणारा संदेश पाठवला. जहाजाच्या घड्याळात त्या वेळी ३ वर्षं झाली आहेत. जहाज लगेच, तशाच तत्क्षणी पोहोचणाऱ्या यंत्रानं उत्तर देतं. पण जहाजाच्या दृष्टीनं पृथ्वी त्याच्यापासून दूर जातेय आणि पृथ्वीचं घड्याळ मंद चालतंय; त्याच्या ‘आत्ता’मध्ये पृथ्वीवर ३ गुणिले ०.६, म्हणजे १.८ वर्षंच झाली आहेत. उत्तर पृथ्वीवर १.८ व्या वर्षी पोहोचलं. प्रश्न विचारला जाणार होता ५ व्या वर्षी. उत्तर ३.२ वर्षं आधी आलं!

म्हणून जुने चाहते म्हणतात : सापेक्षता, कार्यकारणभाव आणि प्रकाशाहून जास्त वेग, या तिघांतले दोन निवडा. लेखकाची सुटका बहुधा अशी असते की हायपरस्पेसला स्वतःची एक ठरलेली चौकट असते, सगळ्यांसाठी एकच ‘आत्ता’. हे सापेक्षतेच्या मूळ कल्पनेला मुरड घालणं आहे, पण कथेत ते सुसंगत राहिलं तर मी तक्रार करत नाही.

सापळा : ‘आल्क्युबिएरनं हे सोडवलंय.’ मिगेल आल्क्युबिएर यांनी १९९४ साली दाखवलं की जहाजाच्या पुढचं अवकाश आकुंचन आणि मागचं प्रसरण पावलं, तर मधला बुडबुडा प्रकाशाच्या पुढे जाऊ शकेल, तेही सामान्य सापेक्षतेच्या समीकरणांत बसून. पण त्याला ऋण ऊर्जा घनता (शून्याहूनही कमी ऊर्जा) असलेलं द्रव्य लागतं आणि तसं द्रव्य कोणाकडेही नाही. शिवाय असे दोन बुडबुडे जुळवले की वरचं कोडं पुन्हा उभं राहतं. नाव अवश्य घ्या, त्यासोबत ही दोन वाक्यंही घ्या.

## ७. ग्रहाचं वजन : वस्तुमान एकटं पुरत नाही

पृष्ठभागावरचं गुरुत्व काढायचं तर पृथ्वीच्या पटीतलं वस्तुमान भागिले पृथ्वीच्या पटीतल्या त्रिज्येचा वर्ग. ‘मोठा ग्रह म्हणजे चिरडून टाकणारं गुरुत्व’ हा समज इथे मोडतो. शनीचं वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, पण त्रिज्या साडेनऊ पट; त्याच्या ढगांच्या माथ्यावर गुरुत्व पृथ्वीहून जेमतेम पाच-सहा टक्के जास्त.

कथांमध्ये उलटी चूक जास्त दिसते. ‘पृथ्वीच्या दुप्पट त्रिज्येचा ग्रह, गुरुत्व मात्र आपल्यासारखं, आणि जमिनीखाली लोखंडाच्या अफाट खाणी.’ गुरुत्व १ हवं तर वस्तुमान ४ पट. घनफळ मात्र ८ पट. म्हणजे घनता पृथ्वीच्या निम्मी, एका घन सेंटिमीटरला सुमारे २.७५ ग्रॅम. आपल्या चंद्राची घनता ३.३४ आहे. इतका हलका ग्रह बराचसा पाण्या-बर्फाचा असणार. त्याचं लोखंड खोल गाभ्यात असेल आणि त्यावर हजारो किलोमीटर जाड पाणी आणि बर्फ असेल. खाणी नाहीत, महासागर आहे. हा निष्कर्ष त्रिज्या आणि गुरुत्व या दोनच आकड्यांतून निघतो आणि वादात तो फार वजनदार ठरतो.

## ८. ऊब आणि वर्ष एकमेकांना बांधलेले आहेत

ताऱ्याची तेजस्विता, म्हणजे तो एकूण किती प्रकाश टाकतो ते, सूर्याच्या पटीत घ्या. तिचं वर्गमूळ काढलं की पृथ्वीइतका प्रकाश मिळण्याचं अंतर खगोलीय एककांत मिळतं. वर्षाची लांबी केप्लरच्या तिसऱ्या नियमानं : अंतराचा घन भागिले ताऱ्याचं वस्तुमान, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर पृथ्वीच्या वर्षांत.

लाल बटू (सूर्याहून लहान, मंद) ताऱ्याभोवतीचा एक उबदार ग्रह, वर्ष ४०० दिवसांचं, असं कथेत आहे. ताऱ्याची तेजस्विता ०.०१ आणि वस्तुमान ०.३ धरू. पृथ्वीइतक्या उजेडासाठी ग्रह ०.१ एककावर हवा. तिथलं वर्ष २१ दिवसांचं! उलट ४०० दिवसांचं वर्ष हवं असेल तर ग्रह ०.७१ एककावर जातो आणि त्याला पृथ्वीच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा उजेड मिळतो, गुरूला सूर्याकडून मिळतो त्याच्या जवळपास निम्मा. लेखकाला ऊब किंवा लांब वर्ष यांतलं एकच मिळेल. खरं उदाहरण हवं तर २०१६ साली सापडलेला प्रॉक्सिमा-बी : त्याचं वर्ष ११.२ दिवसांचं. इतक्या जवळचा ग्रह बहुधा एकच बाजू ताऱ्याकडे रोखून असतो, म्हणून तिथल्या ‘सूर्योदया’च्या वर्णनावर प्रश्न विचारायला हरकत नाही.

सापळा : योग्य अंतर म्हणजे योग्य तापमान नव्हे. पृथ्वीला वातावरणाची ऊब नसती तर सरासरी उणे १८ अंश सेल्सियस असतं. आहे सुमारे १५. शुक्राचे ढग बहुतेक सूर्यप्रकाश परत फेकतात, तरी पृष्ठभाग सुमारे ४६४ अंशांवर तापलेला आहे, कारण ९२ पट दाबाचं कार्बन डायऑक्साइडचं आवरण.

दुसरा सापळा : तेजस्वी, नावाजलेला तारा निवडणं. व्याध सूर्याच्या सुमारे २५ पट तेजस्वी आहे, म्हणून ग्रह ५ एककांवर ठेवता येतो खरा. पण त्या ताऱ्याचं वय २०-२५ कोटी वर्षांच्या आसपास. पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षं आहे आणि हवेत ऑक्सिजन साठायला त्यातली निम्मी गेली. व्याधाभोवती प्राचीन जंगलं दाखवायची तर कोणीतरी ती लावलेली असावी लागतात.

## ९. शिरस्त्राण काढण्याचा प्रसंग

प्रत्येक कथेत तो येतो. यंत्राकडे पाहून कोणीतरी म्हणतं, ‘ऑक्सिजन एकवीस टक्के, श्वास घेता येईल,’ आणि सगळे शिरस्त्राण काढतात. टक्केवारीनं काहीच ठरत नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावरही ऑक्सिजन एकवीस टक्केच आहे. तिथे हवेचा एकूण दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश आहे, म्हणून माणूस गुदमरतो. बघायचा तो आंशिक दाब : टक्केवारी गुणिले एकूण दाब. पृथ्वीवर ०.२१ वातावरण (१ वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब). सुमारे ०.१६ च्या खाली सवय नसलेल्या माणसाचं डोकं चालेनासं होतं. ०.५ च्या वर दिवसचे दिवस राहिलं तर फुप्फुसांना इजा होते.

आता तीन ग्रह करून पाहा. दहा टक्के ऑक्सिजन आणि दोन वातावरण दाब : ०.२०, उत्तम. एकवीस टक्के आणि ०.४ दाब : ०.०८, म्हणजे जवळपास एव्हरेस्टचा माथा. तीस टक्के आणि तीन वातावरण : ०.९, पहिले तास छान जातील, पुढे फुप्फुसं सुजतील, आणि ठिणगी पडली तर आग आवरणार नाही. अपोलो यानांत अवकाशात जवळपास शुद्ध ऑक्सिजन होता, पण दाब एक तृतीयांश. म्हणून ते चाललं.

बाकीच्या वायूंनाही विचारा. पृथ्वीएवढ्या दाबाला कार्बन डायऑक्साइड पाच टक्क्यांवर गेला की धाप आणि डोकेदुखी, दहा टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपते, मग ऑक्सिजन कितीही असो. नायट्रोजन निरुपद्रवी, पण साधारण चार वातावरण दाबाला तो नशा आणू लागतो. पाण्यात खोल बुडी मारणाऱ्यांना तीस मीटर खोलीवर हाच अनुभव येतो. आणि एकूण दाब पृथ्वीच्या सहा टक्क्यांखाली गेला तर शरीराच्या तापमानालाच पाणी उकळतं. मंगळ त्याच्याही दहापट खाली आहे. मंगळावरच्या वादळात माणसं उडून जाताना दिसली की मी थांबून गणित करते : तिथली हवा आपल्या हवेच्या साठाव्या हिश्शाएवढी विरळ, म्हणून ताशी १०० किमी वाऱ्याचा धक्का इथल्या १३ किमीच्या झुळकेएवढा.

शेवटी ऑक्सिजन आला कुठून, हा प्रश्न. तो फार चटकन दुसऱ्या द्रव्यांशी संयोग पावतो. सतत बनत राहिला नाही तर हवेतून नाहीसा होतो. संपूर्ण वाळवंटी ग्रहावर श्वास घेता येत असेल तर कुठेतरी प्रकाशसंश्लेषण चालू असलंच पाहिजे. लेखकानं त्याची सोय केली असेल तर तिला दाद द्या. केली नसेल तर तुमचा मुद्दा पक्का आहे.

## १०. थोडक्यात तपासायच्या चार जागा

- दोन सूर्यांचा ग्रह : शक्य आहे, केप्लर-१६बी २०११ साली जाहीर झाला. मात्र दोन्ही ताऱ्यांभोवती फिरणारा ग्रह त्या ताऱ्यांच्या आपसांतल्या अंतराच्या साधारण तीन-चार पट दूर हवा, नाहीतर कक्षा टिकत नाही.
- वायुराक्षसाचा (गुरू-शनीसारख्या वायूच्या ग्रहाचा) हिरवागार चंद्र : किरणोत्सर्ग विचारा. गुरूच्या आयो या चंद्रावर दिवसाला सुमारे ३६ सिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) मिळतात, म्हणजे तीन-चार तासांत प्राणघातक मात्रा. दूरची कक्षा किंवा चंद्राचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असेल तर निभावतं.
- लहान चंद्रावर दाट हवा : लगेच खोडून काढू नका. शनीच्या टायटन या चंद्राचं गुरुत्व पृथ्वीच्या सातव्या हिश्शाएवढं, तरी हवेचा दाब दीडपट, कारण तिथे उणे १७९ अंश गारठा आहे आणि थंड वायू निसटत नाही. तिथे पंख बांधून माणूस स्वतःच्या बळावर उडू शकेल.
- लघुग्रहांच्या गर्दीतला पाठलाग : आपल्या पट्ट्यात मोठ्या खडकांमधलं सरासरी अंतर लाखो किलोमीटर आहे. नुकत्याच फुटलेल्या चंद्राचे तुकडे असतील तर गोष्ट वेगळी.

## ११. मांडणी करताना

एका दाव्यात एकच मुद्दा ठेवा आणि या क्रमानं लिहा : कथेतलं वाक्य, ते कुठे आलं, गृहीतकं, गणित, पल्ला. नमुना असा :

‘चौथ्या प्रकरणात दिशादर्शक म्हणतो, दहा दिवसांत श्रवण. अंतर १६.७ प्रकाशवर्षं. घड्याळं जुळतात आणि वाटेत थांबा नाही असं धरलं. सरासरी वेग प्रकाशाच्या सुमारे ६१० पट. दिवस नऊ ते अकरा धरले तर ५५५ ते ६७८.’

समोरचा यातलं गृहीतक बदलू शकतो, वाक्य तपासू शकतो, आकडा पुन्हा काढू शकतो. त्याला तुमच्याशी भांडावं लागत नाही. दशांशांचा पसारा घालू नका, ‘६०९.९७ पट’ असं लिहिलंत तर ‘दहा दिवस’ या ढोबळ शब्दाला तुम्ही नसलेली अचूकता देता. दोन कथाविश्वांची तुलना करत असाल तर दोन्हीकडे सारख्या थराचा पुरावा घ्या. एकीकडे तांत्रिक पुस्तिकेतला सर्वोच्च आकडा आणि दुसरीकडे पडद्यावर दिसलेला सगळ्यात रेंगाळलेला प्रवास, हा डाव जाणते लगेच ओळखतात.

कोणी तुमच्या हिशेबात चूक दाखवली आणि ती खरी निघाली, तर मूळ मजकूर पुसू नका. त्याच्याखाली तारीख घालून दुरुस्ती लिहा आणि नवा आकडा द्या. वहीतल्या ओळीतही तेच करा, कारण पुढच्या वेळी हाच वाद निघाल्यावर तुम्हाला ती ओळ लागणार आहे.